एक उंदीर, दोन उंदीर

(मंडळाच्या यंदाच्या गणेशोत्सवात महाप्रसादाआधी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना जे राहून गेलं ते लिहिताना घातलं आहे, आणि जे विनोद पडले ते मुकाट्याने काढून टाकले आहेत!)

गणपती बाप्पा मोरया!

कार्यकारिणीने मला वीस मिनिटं दिली आहेत आणि खालच्या हॉलमधून मसालेभाताचा वास यायला लागला आहे. म्हणजे खरी वेळ किती ते मला कळतं. तेव्हा प्रस्तावना न करता थेट उंदरावर येतो.

आत्ताच आपण सगळ्यांनी मिळून अथर्वशीर्षाची आवर्तनं केली. त्यात गणपतीच्या रूपाचं वर्णन येतं तिथे एक शब्द आहे, ‘मूषकध्वज’. ज्याच्या ध्वजावर मूषक आहे तो. उंदीर हे बाप्पाचं वाहन असं आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण इथे तो वाहन नाही, झेंड्यावरचं चिन्ह आहे. मोठमोठ्या राजांनी झेंड्यावर सिंह आणि गरुड मिरवले, आपल्या देवाने उंदीर मिरवला. हा ‘मूषक’ शब्द आणि माझ्या ऑफिसातल्या टेबलावरचा ‘माऊस’ हे एकमेकांचे सख्खे चुलत भाऊ आहेत. आणि या माऊसने मला एकदा चांगलंच अडचणीत आणलं होतं. आजचा विषय तोच.

माझी सहा वर्षांची मुलगी मध्यंतरी माझ्या टेबलाशी आली. ती टॅबलेटवर वाढलेली. पडद्यावर बोट फिरवायचं एवढंच तिला माहीत. तिने वायरलेस माऊस उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, “बाबा, याला माऊस का म्हणतात? याला टेल कुठंय?” मी कॉम्प्युटर इंजिनिअर. पंधरा वर्षं रोज आठ-दहा तास हाताखाली हाच प्राणी. पण त्याची शेपटी कधी गळून पडली ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. म्हणून मग शोधायला लागलो, आणि डोंगर पोखरायला निघालो तर उंदीर निघायच्या ऐवजी उंदरातून डोंगर निघाला!

आता सुरुवातीपासून सांगतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी इंग्रजी मुळाक्षरं भिंतीवरच्या तक्त्यावरून शिकली असतील. ए फॉर अ‍ॅपल, बी फॉर बॉल, सी फॉर कॅट. आमच्या शाळेतल्या तक्त्यावर ‘आर फॉर रॅट’ होतं आणि खाली एक गुबगुबीत उंदीर शेपटी वर करून बसलेला होता. ‘एम’ला मात्र मँगो. त्यामुळे उंदीर म्हणजे रॅट हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं. माऊस हा शब्द नंतर कॉम्प्युटरबरोबर आला, तो यंत्र म्हणूनच. चपला बाहेर काढून एसी खोलीत जायचं, एका कॉम्प्युटरवर चौघांनी बसायचं आणि माऊस हातात यायची पाळी येईपर्यंत तास संपायचा. त्या माऊसच्या पोटात रबरी गोळी असायची. ती काढून तिच्यावरचा मळ नखाने खरवडणं हे त्या वयात आम्हाला हार्डवेअर इंजिनिअरिंग वाटायचं.

२०१३ साली मी इकडे आलो. दोन तेलुगू रूममेट्सबरोबर एक अपार्टमेंट घेतलं. एका रात्री गॅसच्या शेगडीमागून काहीतरी सर्रकन पळालं. सकाळी मी मॅनेजमेंटच्या ऑफिसला फोन केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “देअर इज अ रॅट इन माय किचन.”

पलीकडची बाई दोन क्षण काही बोललीच नाही. मग म्हणाली, “रॅट? आर यू शुअर?” आता मी इंजिनिअर, आणि मला उंदीर ओळखता येत नाही असं हिला वाटतं की काय! मी म्हणालो, “हंड्रेड पर्सेंट.”

दुपारपर्यंत आमच्या इमारतीच्या प्रत्येक दारावर सूचना लागली. तीन माणसं हातमोजे, टॉर्च आणि पेट्या घेऊन आली. त्यांनी शेगडी ओढली, सिंकखालचं कपाट रिकामं केलं, बाहेरचे कचऱ्याचे डबे तपासले. खालच्या मजल्यावरची एक आजीबाई बॅग भरून मुलीकडे निघून गेली. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टीवर सापडला तो माझ्या अंगठ्याएवढा एक प्राणी. त्या तिघांपैकी वयस्कर माणूस माझ्याकडे पाहून एवढंच म्हणाला, “दॅट्स अ माऊस.”

हा किस्सा ऑफिसात पोचायला एक दिवससुद्धा लागला नाही. कुणीतरी माझ्या टेबलावर रबरी उंदीर ठेवला. चांगली माणसं होती, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मीही त्यांच्याबरोबर हसलो. पण त्या दिवसानंतर मीटिंगमध्ये तोंड उघडायच्या आधी मी प्रत्येक शब्द मनात तपासायला लागलो. आणि शब्द तपासून होईपर्यंत मीटिंगचा विषय पुढे गेलेला असायचा.

तर, रॅट आणि माऊस. इंग्रजीत हे दोन वेगळे प्राणी आहेत, आणि भाषेत तर दोन वेगळे स्वभाव आहेत. घरात सापडणारा माऊस साधारण वीस ग्रॅमचा, म्हणजे चार चमचे साखरेएवढा. रॅट सहज त्याच्या दहा-पंधरा पट. माऊस दिसला तर इंग्रजी माणूस वैतागतो. रॅट दिसला तर तो घर सोडायचा विचार करतो. पोरांच्या गोष्टीत माऊसला कोट-टोपी घालतात, रॅटच्या वाट्याला बहुतेक वेळा खलनायकाची भूमिका येते. फितूर माणूस म्हणजे रॅट. मित्राची चुगली करणं म्हणजे ‘टु रॅट’. आपल्याला जिथे कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतं, तिथे यांना रॅटचा वास येतो. बुडत्या जहाजातून आधी पळतात ते रॅट. पावसात चिंब झालेला माणूस आपल्याकडे भिजलेल्या मांजरासारखा दिसतो, इथे तो बुडालेल्या रॅटसारखा दिसतो. आणि ज्या शर्यतीत आपण सगळे सकाळी सातपासून धावतो ती रॅट रेस!

माऊसचं घराणं अगदी वेगळं. तो गरीब, भित्रा आणि गप्प. अगदीच दरिद्री माणसाला चर्चमधल्या माऊसची उपमा देतात, कारण चर्चमध्ये स्वयंपाकघर नाही, तिथल्या उंदराने खायचं काय? आपल्या देवळात मात्र खोबरं, गूळ, प्रसाद, त्यामुळे देवळातला उंदीर गरीब असणं आपल्याला पटायचंच नाही! ‘माऊसी’ म्हणजे फिक्या रंगाचं, कुणाच्या नजरेत न भरणारं माणूस. एखादी गोष्ट ‘मिकी माऊस’ आहे म्हटलं तर ती तकलादू. १९२८ साली पडद्यावर आलेल्या त्या बिचाऱ्या मिकीने जगभर एवढं नाव काढलं, तरी भाषेने त्याला चिमटा काढलाच. डाऊनिंग स्ट्रीटवर, म्हणजे ब्रिटिश पंतप्रधानांच्या घरी, उंदीर पकडण्यासाठी लॅरी नावाचा बोका २०११ साली आणला गेला. त्याला ‘चीफ माऊसर’ असा रीतसर हुद्दा मिळाला. आपल्यापैकी अनेकांना हुद्द्यात ‘चीफ’ यायला अजून बरीच वर्षं आहेत.

मराठीने हा भेद केलाच नाही का? केला, पण दुसऱ्या जागी. आपल्याकडे लहान तो उंदीर, मोठाही उंदीरच, पण त्याहून मोठी, अंगण पोखरणारी ती घूस. हिंदीत घूस म्हणजे लाच. दोन्ही घरं पोखरतात, त्यामुळे गोंधळ झाला तरी फारसं बिघडत नाही. या घुशीला इंग्रजीत ‘बँडीकूट’ म्हणतात. हा शब्द ऐकल्यावर माझा रूममेट जेवता जेवता उठून उभा राहिला. म्हणाला, “अरे, हा तर आमचा पंदिकोक्कु!” तेलुगूत ‘पंदि’ म्हणजे डुक्कर आणि ‘कोक्कु’ म्हणजे उंदीर. डुकराएवढा उंदीर. इंग्रजांनी तो शब्द उचलला, वाकवला आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या एका भलत्याच, पोटाला पिशवी असलेल्या प्राण्याला तेच नाव देऊन टाकलं. म्हणजे चुकीच्या प्राण्याला चुकीचं नाव देणारा मी काही पहिला नव्हतो. फरक इतकाच, त्यांची चूक शब्दकोशात गेली आणि माझी ऑफिसच्या गप्पांत.

चिनी माणूस मात्र आपल्या बाजूचा. त्यांच्या ‘शू’ या एका शब्दात रॅट आणि माऊस दोन्ही येतात. त्यांच्या बारा वर्षांच्या चक्रात २०२० हे या ‘शू’चं वर्ष होतं. इंग्रजीत त्याला ‘इयर ऑफ द रॅट’ म्हणतात, पण तो माऊस नव्हे रॅटच, हे इंग्रजीने परस्पर ठरवलं आहे.

प्रत्येक भाषा आपल्या अनुभवाप्रमाणे प्राणी वापरते. भूक लागली की हिंदी माणसाच्या पोटात उंदीर पळतात, मराठी माणसाच्या पोटात कावळे ओरडतात. आणि मराठीत एक शब्दप्रयोग असा आहे की तो ऐकून माझी पणजी गप्प व्हायची. ‘उंदीर पडणे’. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढची कित्येक वर्षं तो महाराष्ट्रात गावोगाव फिरत राहिला. आढ्यावरून उंदीर मरून खाली पडला की समजायचं, आता घर सोडायचं. माणसं चूलबोळकं घेऊन रानात झोपड्या बांधून राहायची. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवून दिलं. पण उंदीर आणि मरण यांचा संबंध आहे हे आपल्या बायाबापड्यांनी त्याच्या आधीच दोन शब्दांत बांधून ठेवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या त्या आजीबाईने बॅग का भरली, हे मला पणजीची आठवण झाल्यावर कळलं.

आता चुलत भावांची गोष्ट. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्यात एशियाटिक सोसायटीपुढे सर विल्यम जोन्स यांनी एक भाषण केलं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य इतकं आहे की या भाषा एकाच उगमातून आल्या असाव्यात, असं त्यांनी मांडलं. त्याचा पुरावा आपल्या उंदरानेही कुरतडून ठेवला आहे. संस्कृतात ‘मूष्’, लॅटिनमध्ये ‘मूस’, ग्रीकमध्ये ‘मूस’, फारसीत ‘मूश’, रशियनमध्ये ‘मिश’, जर्मनमध्ये ‘माउस’. हजारो वर्षं आणि हजारो मैल ओलांडूनही शब्द ओळखू येतो. संस्कृतात ‘मुष्’ या धातूचा अर्थ चोरणं, म्हणून मूषक म्हणजे चोर, अशी आपल्याकडची परंपरागत व्युत्पत्ती. स्वयंपाकघराची जबाबदारी असणाऱ्या कुणालाही ती लगेच पटेल. मराठीने मात्र रोजच्या वापराला संस्कृतातला दुसरा शब्द घेतला. ‘उन्दुर’ किंवा ‘उन्दुरु’ यावरून आपला उंदीर आला. मूषक आपण देवासाठी राखून ठेवला.

याच घराण्यातला आणखी एक शब्द आहे, तो मला सगळ्यात आवडला. इंग्रजी ‘मसल’, म्हणजे स्नायू, हा लॅटिन ‘मुस्कुलुस’वरून आला. त्याचा अर्थ छोटा उंदीर! दंड आवळला की कातडीखाली काहीतरी टुणकन हलतं, ते रोमन माणसाला उंदरासारखं वाटलं. आता आठवा, लहानपणी मामा दंड फुगवून आपल्याला काय दाखवायचा? बेटकुळी! म्हणजे बेडकी. त्याच दंडावर रोमन माणसाला उंदीर दिसला आणि मराठी माणसाला बेडूक. जिममध्ये जाणाऱ्या आपल्या तरुण मंडळींनी लक्षात ठेवावं, इतका घाम गाळून तुम्ही उंदीर किंवा बेडूक यांपैकी काहीतरी एक पाळताय.

आता त्या शेपटीकडे येतो. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आपल्या या हॉलपासून गाडीने फार लांब नाही. मेन्लो पार्कला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट होती. तिथे डग्लस एंगेलबार्ट नावाचा शास्त्रज्ञ साठच्या दशकात एका प्रश्नाच्या मागे होता. कॉम्प्युटर म्हणजे नुसतं आकडेमोड करणारं यंत्र न राहता माणसाला विचार करायला कशी मदत करेल? पडद्यावरच्या मजकुरातली हवी ती जागा दाखवायला काहीतरी साधन लागणार होतं. त्याच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या सहकाऱ्याने १९६४ साली पहिला नमुना बनवला. लाकडाची खोकी, खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं आणि वर एकच बटण. आडनाव ‘इंग्लिश’ असलेल्या माणसाने पहिला माऊस बनवावा, हा योग मला आजच्या विषयासाठी फार आवडला!

त्यांनी दुसरीही साधनं तपासून पाहिली. प्रकाशाची लेखणी, जॉयस्टिक, इतकंच काय, टेबलाखाली गुडघ्याने हलवायचं एक उपकरणसुद्धा. सरावलेल्या माणसांच्या हातात माऊस सरस ठरला. नाहीतर आज आपण सगळे गुडघे धरून डॉक्टरकडे गेलो असतो. सुरुवातीला वायर मागच्या बाजूला, मनगटाकडे होती. हातात येणारं लहानसं धूड आणि मागे शेपटी, म्हणून तो माऊस. पण हे नाव नेमकं कुणाच्या तोंडून आधी आलं हे त्यांनाच आठवत नव्हतं. मागची वायर हातात गुंतायची म्हणून ती लवकरच पुढे नेली. म्हणजे शेपटी नाकाकडे गेली. आणि आता तर ती गळूनच पडली. शेपटीमुळे नाव मिळालं, शेपटी गेली, नाव राहिलं!

९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे हजार लोकांसमोर एंगेलबार्टने दीड तासाचं प्रात्यक्षिक दिलं. माऊस, एका क्लिकवर दुसऱ्या मजकुराकडे जाणं, दूर बसलेल्या सहकाऱ्याशी पडद्यावर बोलत एकाच कागदावर काम करणं, हे सगळं त्या दिवशी लोकांनी प्रथम पाहिलं. त्या भाषणात त्याने नावाबद्दल जवळजवळ माफीच मागितली. याला माऊस का म्हणतो ते मलाही सांगता येत नाही, सुरुवात तशी झाली आणि आम्ही ते बदललं नाही, अशा अर्थाचं तो बोलला. त्याच सुमारास जर्मनीत टेलिफुंकन कंपनीनेही स्वतंत्रपणे असंच गोळीवालं उपकरण काढलं होतं. त्याचं नाव ‘रोलकूगल’, फिरता गोळा. अगदी बरोबर, शास्त्रशुद्ध नाव. आज ते कुणाला आठवतं? एंगेलबार्टच्या अमेरिकन पेटंटवरसुद्धा माऊस हे नाव नव्हतं. १९७० साली मिळालेल्या त्या पेटंटचं शीर्षक ‘डिस्प्ले यंत्रणेसाठी एक्स-वाय स्थिती दर्शक’ अशा थाटाचं. विचार करा, “जरा तुमचा एक्स-वाय स्थिती दर्शक देता का?” पेटंटची मुदत १९८७ साली संपली आणि माऊस घरोघरी पोचला तो मुख्यतः त्यानंतर. २०१३ साली एंगेलबार्ट गेला. मी इथे आलो तेच वर्ष. मी स्वयंपाकघरातल्या उंदराला चुकीचं नाव देत होतो त्याच्या काही महिने आधी इथून जवळच तो माणूस जग सोडून गेला होता, आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं. माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये मुलांना घेऊन जरूर जा.

जगाने या माऊसचं काय केलं तेही पाहण्यासारखं आहे. फ्रेंचांनी भाषांतर करून ‘सूरी’ म्हटलं, म्हणजे आपल्या कानाला चाकूच! स्पेनने ‘रातोन’ म्हटलं. चिन्यांनी ‘शू’ शब्दाला खूण अर्थाचा शब्द जोडला. इटलीने आणि ब्राझीलने इंग्रजी माऊसच ठेवला. आपणही माऊसच ठेवला. “उंदीर जरा उजवीकडे सरकव” असं आपण ऑफिसात म्हटलं असतं तर? मला तर चाललं असतं. बाप्पाच्या झेंड्यावर चालतो, मग टेबलावर का नाही?

पण आता माझ्या मुख्य गोष्टीकडे येतो.

रॅटच्या त्या प्रसंगानंतर वर्षभराने माझं वार्षिक मूल्यमापन झालं. वरिष्ठांनी कामाची स्तुती केली होती आणि खाली एक वाक्य होतं, की क्लायंटच्या बैठकीत हा माऊससारखा गप्प असतो. मला ते कौतुक वाटलं! निमूटपणे, गाजावाजा न करता काम करणारा. मी बाबांना फोन करून सांगितलंसुद्धा, “साहेबांनी मला उंदीर म्हटलंय!” पंधरा दिवसांनी टीम लीडची जागा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी कनिष्ठ असलेल्या मुलाला मिळाली. तो माझ्याहून हुशार होता असं मला वाटत नाही. पण तो बोलायचा. चुकायचा आणि बोलायचा.

माझे बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत बत्तीस वर्षं मराठी आणि संस्कृत शिकवत होते. मी पुन्हा फोन केला तेव्हा त्यांना सगळं सांगितलं, अगदी रबरी उंदरापासून. त्यांनी मूषक आणि मुष् धातू त्या दिवशीच मला समजावून सांगितला. मला वाटलं, आता संस्कृतचा तास सुरू झाला. पण मग ते म्हणाले, “वर्गात चुकीचं उत्तर देणाऱ्या मुलाला मी कधी कुणाला हसू दिलं नाही. एकदा वर्ग हसला की ते पोर पुन्हा हात वर करत नाही. तुला मी तिथे येऊन वाचवू शकत नाही. तूच हात वर कर. चुकलास तर चुकलास.”

मी हात वर करायला लागलो. खूप चुकलो. टीम लीड व्हायला आणखी तीन वर्षं लागली, पण झालो. बाबा २०२१ साली गेले.

आणि मंडळी, ज्याला हे सगळं बाबांनी शिकवलं, त्या मी काय करावं? गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या वर्गात दोन पांढरे उंदीर पाळले होते. एका शनिवारी सकाळी आईबरोबर, म्हणजे तिच्या आजीबरोबर, व्हिडिओ कॉल चालू होता. पलीकडे काका, काकू, आत्या, सगळं गणगोत. मुलगी मोठ्या उत्साहाने म्हणाली, “आजी, माझ्या क्लासमध्ये दोन उंदरे आहेत. मी एका उंदीरला गाजर दिलं.”

पहिला हसलो तो मी. मग सगळे हसले. काकाने तर ‘उंदरे’ हे आडनावासारखं लावून तिला हाक मारली. प्रेमाने हं, अगदी प्रेमाने. तीही हसली. मी रबरी उंदराला हसलो होतो ना, अगदी तशी.

पुढचे दोन-तीन महिने ती आजीशी इंग्रजीतच बोलली. आजी विचारायची मराठीत, ही उत्तर द्यायची इंग्रजीत, तेही हो-नाही एवढंच. आई मला म्हणाली, “पोरगी आता मोठी झाली रे, तिला कंटाळा येत असेल.” मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा घास घशाखाली उतरेना.

तिचं काय चुकलं होतं सांगा? घोडा, घोडे. ससा, ससे. मग उंदीर, उंदरे! तिने नियम लावला होता. सहा वर्षांच्या मुलीने, परदेशात, आठवड्यातून काही तास कानावर पडणाऱ्या भाषेचा नियम स्वतःच्या डोक्याने शोधून काढला होता. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधक बाईंनी लहान मुलांना ‘वग’ नावाच्या काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं. असे दोन असले तर काय म्हणाल? मुलांनी न शिकवता ‘वग्ज’ म्हटलं. मुलं पोपटासारखी नक्कल करत नाहीत, ती नियम बनवतात, हे त्यातून दिसलं. इथली गोरी पोरंसुद्धा लहानपणी ‘माऊसेस’ म्हणतात. हाऊसचं हाऊसेस, मग माऊसचं ‘माईस’ का? हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘मूस’चं अनेकवचन करताना मधला स्वर बदलायचा, त्याचा तो उरलेला अवशेष. गंमत म्हणजे कॉम्प्युटरच्या माऊसचं अनेकवचन ‘माईस’ की ‘माऊसेस’ यावर मोठ्या माणसांचंही एकमत नाही, आणि शब्दकोश दोन्ही देतात!

एका रात्री झोपताना मी तिला हे सगळं सांगितलं. शेपटी गळालेला माऊस, पंदिकोक्कु, दंडातला उंदीर, आणि बाबाने फोनवर सांगितलेला रॅट. रॅटच्या गोष्टीला ती पोट धरून हसली. मग थोडा वेळ गप्प राहून तिने विचारलं, “मग दोन असले तर मराठीत काय म्हणायचं?” मी म्हणालो, “एक उंदीर, दोन उंदीर. बदलतच नाही.” ती म्हणाली, “दॅट्स इट? इंग्लिशपेक्षा सोप्पं आहे!” मग मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, “इट्स ओके, पण काकाला सांग.”

काकाला सांगितलं आहे.

मंडळी, माझं एवढंच मागणं आहे. आज या हॉलमध्ये पन्नास-साठ मुलं धावत आहेत. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबाही बरेच दिसत आहेत. ही मुलं आत्ता प्रसादाच्या रांगेत तुमच्याशी मराठीत काहीतरी बोलतील. “मला मोदक पाहिजेल”, “माझी पाय दुखतो”, “दोन उंदरे”. कृपा करून हसू नका. गोड वाटलं तरी हसू नका. तेच वाक्य तुम्ही बरोबर करून सहज परत म्हणा, “हो का, दोन उंदीर? आणि काय खातात ते?” आणि ऐकत राहा. आपल्यातल्या प्रत्येकाचा या देशात कधी ना कधी कुठल्यातरी रॅटने पचका केलेला आहे. तेव्हा काय वाटलं ते आठवा.

आपल्या मुलांचं इंग्रजी आपोआप सुधारेल, त्याला शाळा आहे, मित्र आहेत, सगळा देश आहे. त्यांच्या मराठीला मात्र फक्त आपण आहोत. ती मराठीत माऊससारखी गप्प झाली तर तिचं मूल्यमापन करायलाही कुणी येणार नाही.

मसालेभाताचा वास आता जास्तच यायला लागला आहे. माझ्या पोटात कावळे ओरडत आहेत. तुमच्या पोटात काय असेल ते तुमच्या तुमच्या भाषेत ओरडू द्या!

मूषकध्वजाचा विजय असो. गणपती बाप्पा मोरया!